शिट्टी आणि संशय

लंडन येथे ३० सप्टेंबर २०२३ रोजी झालेल्या टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल या फुटबॉल सामन्यात लिव्हरपूलच्या लुइस दियाझने केलेला गोल रेषापंचाने ऑफसाइड ठरवून नाकारला. चित्रफीत तपासणाऱ्या व्हिडिओ पंचाने दियाझ ऑफसाइड नव्हता हे अचूक ओळखले. परंतु मैदानावर गोल दिला गेला आहे, अशा गैरसमजाने त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळविले. खेळ पुन्हा सुरू झाला आणि नियमानुसार चूक सुधारण्याची संधी गेली. लिव्हरपूलने तो सामना १-२ असा गमावला.

चूक घोर होती, यात वाद नाही. तथापि समर्थकांचे समाधान ‘चूक’ या शब्दाने होईना. संबंधित व्हिडिओ पंच त्याच आठवड्यात संयुक्त अरब अमिरातीत एका सामन्याचे काम करून आला होता आणि प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीची मालकी अबुधाबीच्या राजघराण्यातील व्यक्तीकडे आहे. एवढ्या धाग्यांवर अनेकांनी कटाचे वस्त्र विणले.

वस्तुतः ऑफसाइडचा निर्णय मानवी डोळ्याची कठोर परीक्षाच आहे. चेंडू पुढे ढकलला गेला तो क्षण आणि आक्रमक खेळाडूची त्या क्षणीची जागा, ही दोन्ही रेषापंचाला एकाच वेळी पाहावी लागतात. तो बचावफळीच्या अचूक रेषेत नसेल, तर दृष्टिकोनामुळेच त्याची फसगत होते, असे डच संशोधकांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. अशा चुका दोन्ही संघांच्या वाट्याला येतात. मात्र आपल्यावर झालेला अन्याय तेवढा स्मरणात राहतो; आपल्या पदरी पडलेला लाभ प्रेक्षक सहज विसरतो.

म्हणून संशय घेणारा प्रत्येक जण वेडा ठरतो काय? इतिहास तसे म्हणू देत नाही. जर्मनीत रॉबर्ट हॉयझर या पंचाने सट्टेबाजांसाठी सामन्यांचे निकाल फिरविल्याचे २००५ साली उघड झाले आणि त्याला कारावासाची शिक्षा झाली. इटलीत २००६ साली पंचांच्या नेमणुका करणाऱ्यांशी क्लबच्या पदाधिकाऱ्यांची दूरध्वनीवरील संभाषणे बाहेर आली. युव्हेंटससारख्या बलाढ्य संघाची दुसऱ्या श्रेणीत रवानगी झाली. ही दोन्ही प्रकरणे बंद दाराआड घडली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खरा प्रश्न आहे तो या बंद दाराचा. अचूक यंत्र आणले की संशय मावळेल, ही आशा व्हिडिओ पंचाच्या आगमनानंतरही फळाला आली नाही. उलट पूर्वी डोळ्यासमोर होणारा निर्णय आता दूरच्या खोलीत होऊ लागला. लंडनच्या त्या सामन्यानंतर तीन दिवसांनी पंचांच्या संघटनेने ध्वनिफीत प्रसिद्ध केली. तीत ऐकू आला तो गोंधळलेल्या माणसांचा हतबल संवाद, कारस्थान नव्हे. तोच संवाद त्याच क्षणी लोकांना ऐकू येता, तर गैरसमज कदाचित जागच्या जागी लक्षात आला असता आणि कटाच्या कथेला फारसा वाव उरला नसता.

रग्बीत पंचांची चर्चा प्रेक्षकांना ऐकू येते. फुटबॉलमध्येही २०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी चित्रफीत पाहून घेतलेले निर्णय ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले. परंतु केवळ निर्णय जाहीर करणे पुरेसे नाही. त्यामागील विचारही उघड झाला पाहिजे. पंचाच्या अधिकाराला त्याने धक्का पोहोचणार नाही. प्रामाणिक चूक प्रेक्षक आज ना उद्या क्षमा करतो. मौनाला मात्र तो अप्रामाणिकपणाच समजतो.