‘दा विंची कोड’ आणि त्याचे वाचक

लोकप्रिय ग्रंथाविषयीं मतभेद असावयाचेच. परंतु एकच पुस्तक थोरल्या भावानें रात्रभर जागून संपवावें, धाकट्यानें पन्नासाव्या पानावर कंटाळून टाकून द्यावें, आईनें चाळून पाहून कपाटांत कुलुपांत ठेवावें, आणि आजोबांनीं तर न वाचतांच निषिद्ध ठरवावें, असा प्रकार क्वचितच घडतो. सन २००३ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या डॅन ब्राऊनकृत ‘दा विंची कोड’ या कादंबरीच्या बाबतींत तो घराघरांतून घडला. या गोष्टीस वीस वर्षांहून अधिक काळ लोटला असला तरी वरच्या वर्गांतील मुलांच्या हातीं ती अजूनहि पडते. तिचें मराठी भाषांतरहि झालेलें आहे. तेव्हां तिच्याविषयीं लोकांचीं मतें इतकीं परस्परविरुद्ध कां झालीं, याचा विचार विद्यार्थी व पालक या दोघांनींहि करणें अस्थानीं होणार नाहीं.

प्रथम तिच्या प्रसिद्धीविषयीं. या ग्रंथकाराच्या तीन कादंबऱ्या आधीं निघाल्या होत्या, पण त्यांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. चौथीच्या वेळीं प्रकाशकांनीं निराळी युक्ति योजिली. पुस्तक बाजारांत येण्यापूर्वींच तिच्या सुमारें १०,००० प्रति त्यांनीं पुस्तकविक्रेते व परीक्षक यांस वांटून टाकल्या. दुकानदारानें स्वतः वाचलेलें पुस्तक तो गिऱ्हाइकापुढें आग्रहानें ठेवतो, हा व्यापारांतला जुना अनुभव आहे. आणि झालेंहि तसेंच. पहिल्याच आठवड्यांत तिनें ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादींत पहिला क्रमांक पटकावला, आणि पुढें जगांतील अनेक भाषांत मिळून तिच्या आठ कोटींच्या घरांत प्रति खपल्या असें सांगतात. एवढा गाजावाजा झाला म्हणजे वाचक दोन प्रकारचे होतात. एक, सर्वांनीं वाचलें म्हणून वाचणारे. दुसरे, सर्वांनीं वाचलें म्हणूनच नाक मुरडणारे. या दोघांचीं मतें आपण बाजूस ठेवूं.

कथानक थोडक्यांत असें : पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत तेथील एका प्रमुख अधिकाऱ्याचा रात्रीं खून होतो. मरतांना तो गूढ चिन्हें ठेवून जातो. लॅंग्डन नांवाचा एक अमेरिकन प्राध्यापक व मृताची नात सोफी हीं दोघें, मागें पोलीस लागले असतां, तीं चिन्हें उलगडीत फ्रान्समधून इंग्लंडांत व तेथून स्कॉटलंडांत जातात. शेवटीं हातीं येणारें रहस्य असें कीं, येशू ख्रिस्त व मग्दालीया मरीया यांचा विवाह झाला होता, त्यांचा वंश चालूं आहे, आणि ख्रिस्तमंडळीनें ही गोष्ट शतकानुशतकें दडवून ठेवली.

कथा सांगण्याच्या हातोटीविषयीं स्तुति करणाऱ्यांचें म्हणणें खोटें नाहीं. शंभरावर लहान लहान प्रकरणें, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटीं एखादें दार अर्धवट उघडलेलें. मग पान उलटल्यावांचून कोणास राहवेल? कीर्तनकार ऐन प्रसंगीं आख्यान थांबवून अभंगाकडे वळतो, तीच ही युक्ति, फक्त येथें अभंग नाहीं. उलट दोष दाखविणाऱ्यांचेंहि म्हणणें तितकेंच खरें आहे. पात्रें पुठ्ठ्याचीं आहेत. जीव मुठींत घेऊन पळणारीं माणसें मध्येंच उभीं राहून एकमेकांस लांबलचक व्याख्यानें देतात. भाषा ओबडधोबड आहे. वेगाची गोडी असलेल्यास पहिला पक्ष पटतो, भाषेची गोडी असलेल्यास दुसरा. हा रुचीचा प्रश्न झाला, आणि एवढ्यावर कोणी मोर्चा काढीत नाहीं.

खरें भांडण निराळ्या ठिकाणीं आहे. कथेच्या आरंभापूर्वीं ग्रंथकारानें एक पान घातलें आहे व त्यास ‘सत्य’ अशा अर्थाचा मथळा दिला आहे. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही गुप्त संस्था १०९९ सालीं स्थापन झालेली खरी संस्था आहे, आणि कादंबरींतील कलाकृति, इमारती, कागदपत्रें व गुप्त विधि यांचीं वर्णनें यथातथ्य आहेत, असें तो तेथें सांगतो. हें एक पान नसतें तर निम्मी चर्चा झालीच नसती, असें मला वाटतें. त्या पानामुळें एकाच पुठ्ठ्यांत दोन पुस्तकें बांधलीं गेलीं. कोणी त्यांतलें गोष्टीचें पुस्तक वाचलें, कोणी माहितीचें. आणि दोघेहि एकमेकांस म्हणत राहिले कीं, तुला वाचतांच येत नाहीं.

आतां हें ‘सत्य’ पारखून पाहूं. ‘प्रायरी ऑफ सायन’ या नांवाची संस्था होती खरी, पण ती १०९९ सालीं नव्हे, तर १९५६ सालीं प्येर प्लांतार नांवाच्या गृहस्थानें फ्रान्समध्यें सरकारदरबारीं नोंदविली. पुढें १९६० च्या दशकांत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत कांहीं बनावट कागद नेऊन ठेवण्यांत आले. लिओनार्दो दा विंची व न्यूटन हे या संस्थेचे मुख्य होते, ही यादी त्याच कागदांतली. ग्रंथालयांत सांपडलें म्हणजे खरें, असें मानणाऱ्यांची सोयच झाली! ‘ओपस देई’ ही संस्था १९२८ सालीं स्पेनमध्यें स्थापन झालेली आहे. कादंबरींत तिचा एक मठवासी संन्यासी खून करीत हिंडतो, परंतु त्या संस्थेंत मठवासी संन्यासी मुळीं नाहींतच.

सन ३२५ च्या नायसिया येथील धर्मसभेची गोष्ट याहून महत्त्वाची. येशूचें देवत्व तेथें मतें मोजून थोड्या फरकानें ठरविण्यांत आलें, असें कादंबरींतील एक विद्वान पात्र सांगतें. वस्तुतः तेथील वाद पुत्र हा पित्याशीं एकरूप आहे कीं, अरियस म्हणत असे त्याप्रमाणें, पित्यानें निर्माण केलेला आहे, याविषयींचा होता. येशूस केवळ मनुष्य मानणारा पक्ष तेथें नव्हता. शेंकडों बिशपांपैकीं शेवटपर्यंत सही न करणारे दोघेच निघाले. यास थोडा फरक कसा म्हणावा? शिवाय येशूस प्रभु म्हणणारीं पौलाचीं पत्रें या सभेच्या सुमारें पावणेतीनशें वर्षें आधींचीं आहेत. आणि हें केवळ श्रद्धावंतांचेंच म्हणणें आहे असें नव्हे. बार्ट एर्मन हे स्वतःस अज्ञेयवादी म्हणविणारे अमेरिकन इतिहाससंशोधक. त्यांनींहि २००४ सालीं एक स्वतंत्र पुस्तक लिहून कादंबरींतील ऐतिहासिक चुका दाखविल्या.

मिलान येथील मठाच्या भोजनगृहांतील लिओनार्दोच्या ‘शेवटचें भोजन’ या चित्रांत येशूच्या उजवीकडे बसलेली कोमल चेहऱ्याची व्यक्ति मग्दालीया मरीया आहे, असें कादंबरी म्हणते. त्या काळचे इटालियन चित्रकार योहानास नेहमींच बिनदाढीचा, तरुण व नाजूक दाखवीत असत. चित्रांत येशूसह तेरा आकृति आहेत. ती व्यक्ति मरीया मानली तर योहान भोजनास आलाच नाहीं असें म्हणावें लागेल, आणि त्याची वाट कादंबरी लावीत नाहीं. चित्रहि फार बिघडलेलें आहे. कोरड्या भिंतीवर रंगविल्यामुळें चित्रकाराच्या हयातींतच त्याचे पापुद्रे निघूं लागले होते. वीस वर्षांहून अधिक चाललेली त्याची शेवटची मोठी दुरुस्ति १९९९ सालीं संपली.

तथापि या पुस्तकाच्या पदरीं एक गोष्ट टाकावी लागते. मग्दालीया मरीया ही पतिता होती, ही समजूत पुष्कळांच्या मनांत घट्ट बसलेली आहे. शुभवर्तमानांत तसें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. पोप ग्रेगरी यांनीं ५९१ सालच्या एका प्रवचनांत ती व दुसरी एक पापी स्त्री यांस एकच मानलें, तेथून ती समजूत रुजली. कादंबरी यास जाणूनबुजून केलेला कट म्हणते, तें खरें नव्हे. पण त्या स्त्रीवर अन्याय झाला, हें खरें. कॅथलिक मंडळीनें १९६९ सालीं आपल्या उपासनेंत ही चूक सुधारली, आणि २०१६ सालीं तिच्या स्मरणदिनास प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. कादंबरीच्या निमित्तानें अनेकांनीं हें प्रथमच ऐकलें असेल.

लंडनच्या न्यायालयांत २००६ सालीं जो खटला झाला तो तर मोठा मौजेचा आहे. ‘पवित्र रक्त आणि पवित्र पात्र’ अशा अर्थाच्या नांवाचें एक पुस्तक १९८२ सालीं निघालें होतें. त्याच्या तिघां कर्त्यांपैकीं दोघांनीं फिर्याद केली कीं, येशूच्या वंशाची आमची कल्पना या कादंबरीनें उचलली. पण आपलें पुस्तक इतिहास म्हणून त्यांनीं विकलें होतें. इतिहास असेल तर तो कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाहीं. मालकी सांगावयाची तर ती आपल्या डोक्यांतून निघाली असें म्हणावें लागणार! न्यायाधीशांनीं फिर्याद फेटाळली, आणि निकालपत्राच्या अक्षरांत स्वतःहि एक गुप्त संदेश गुंफून ठेवला.

श्रद्धावंत वाचकांस एक गोष्ट विचारावीशी वाटते. सन १९०३ मध्यें इंग्लंडांत गाय थॉर्न या टोपणनांवाच्या लेखकाची ‘व्हेन इट वॉज डार्क’ ही कादंबरी निघाली. तींत यरुशलेमजवळ एक थडगें सांपडतें व येशूचें पुनरुत्थान झालेंच नाहीं असें दर्शविणारा लेख त्यांत मिळतो. जगांतील धर्मश्रद्धा डळमळते, अनाचार माजतो, आणि अखेरीस तो लेख बनावट होता असें उघडकीस येतें. हीहि धर्मावरील रहस्यकथाच, हीहि लाखांनीं खपली. लंडनच्या बिशपांनीं तर प्रवचनांत तिची वाखाणणी केली. परंतु त्या कपटाचा सूत्रधार एक धनाढ्य यहुदी दाखविला आहे, व एका जातीविषयींचा विखार त्या पुस्तकांत पानोपानीं आहे. तो त्या भाविक वाचकांस खटकला नाहीं, कारण पुस्तक आपल्या बाजूचें होतें. ‘दा विंची कोड’मधील खलपुरुष संन्यासी पाहून ज्यांस दुःख झालें, त्यांनीं हें जुनें पुस्तक शेजारीं ठेवून पाहावें.

आपल्याकडे वादास तोंड फुटलें तें २००६ सालीं, चित्रपट आला तेव्हां. मुंबईंत ख्रिस्ती संघटनांनीं निदर्शनें केलीं. ही कथा काल्पनिक आहे असा खुलासा घालून व केवळ प्रौढांसाठीं, अशा अटींवर मध्यवर्ती मंडळानें चित्रपटास परवानगी दिली. तरी गोवा, तामिळनाडू, आंध्र इत्यादि कांहीं राज्यांनीं त्यावर बंदी घातली. आंध्र व मद्रास येथील उच्च न्यायालयांनीं आपापल्या राज्यांतील बंदी रद्द केली. दुखावलेल्या माणसास बोलण्याचा अधिकार आहे, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु बंदी घातल्यानें तें ‘सत्य’ असें मिरविणारें पान खोटें ठरत नाहीं. उलट, दडवादडवीची कथा सांगणाऱ्या पुस्तकास दडपल्याचा पुरावा मात्र आयता मिळतो. कुलूप लावणाऱ्या आईबापांनींहि ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

विद्यार्थिमित्रांनों, ही कादंबरी वाचाल तेव्हां एक स्थळ सावकाश वाचा. मरीयेच्या विवाहास पुरावा म्हणून कादंबरी ‘फिलिपाचें शुभवर्तमान’ या ग्रंथाचा आधार देते व त्यांतील एका अरामी शब्दाचा अर्थ लावून दाखविते. हा ग्रंथ १९४५ सालीं ईजिप्तमधील नाग हम्मादी येथें सांपडला. तो येशूनंतर दीडशें-दोनशें वर्षांनीं रचलेला असून सांपडलेली प्रत कॉप्टिक भाषेंत आहे, अरामींत नाहीं. येशू मरीयेचें चुंबन घेत असे, असें तेथें म्हटलेलें दिसतें. आरंभींच्या ख्रिस्ती मंडळींत परस्परांस भेटतांना चुंबन देण्याची रीत होती, हें पौलाच्या पत्रांवरूनहि दिसतें. चुंबन कोठें, हें सांगणारा शब्द कादंबरींतील विद्वान निःशंकपणें उच्चारतो. मूळ प्रतींत त्याच शब्दाच्या जागीं पपायरस फाटलेला आहे. त्या पानाचें छायाचित्र छापलेलें मिळतें. तेथील भोंक स्पष्ट दिसतें.