जर्मनीला राहायला जाताय? पहिल्या 2 आठवड्यांत हे काम कराच!

नोकरी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत गेल्यावर आधी करायचं काम म्हणजे 'आनमेल्डुंग', म्हणजेच पत्त्याची सरकारी नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत ती करायची असते. टाळली तर 1,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट लवकर मिळेलच असं नाही, म्हणून घर ठरताच ती घेऊन ठेवा.

काय लागतं?

पासपोर्ट, नोंदणीचा फॉर्म आणि तुम्ही तिथे राहायला आलात असं घरमालकाने सही करून दिलेलं पत्र. नुसता भाडेकरार चालत नाही. 'घर स्वस्तात देतो, पण नोंदणी करता येणार नाही' असं कोणी म्हणालं, तर ते घर पुढे महागात पडतं.

कारण काय?

नोंदणीनंतर टॅक्स आयडी पोस्टाने येतो. तो वेळेत कंपनीला दिला नाही, तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. बँक खातं आणि रेसिडेन्स परमिटसाठीही नोंदणीचा कागद मागतात.

हे विसरू नका

लेटरबॉक्सवर तुमचं नाव लावा. जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो. नाव नसेल, तर टॅक्स आयडीचं पत्रही परत जाईल!