फोडणी आणि छतावरची डबी

मोहरी तडतडली, सुक्या मिरच्या पडल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, छतावरची पांढरी डबी, म्हणजे स्मोक अलार्म, किंचाळायला लागली. काकांनी स्टुलावर चढून तिला प्लास्टिकची पिशवी बांधली. "हिला फोडणी नि आग यांतला फरकच कळत नाही!" बोलणं खरं होतं, पिशवी मात्र चूक.

या डबीला धुराचा वास येत नाही. आपल्या पोटातल्या हवेत काहीतरी तरंगतंय, एवढंच तिला कळतं. धुराने आतला उजेड अडतो म्हणून ती वाजते, अशीही एक समजूत आहे. काकांच्या डबीत घडतं नेमकं उलट. आत काळोख, एक बारीकसा दिवा आणि त्याच्या समोर नव्हे, तर तिरका बसवलेला संवेदक. एरवी त्याला उजेड दिसतच नाही. पण कवडशात धूळ चमकते तसा धुराच्या कणांवरून उजेड विखुरतो, संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. गादी धुमसत असेल तर ही डबी लवकर सावध होते. आंघोळीच्या वाफेलाही फसते, बिचारी.

अशा डब्यांच्या दुसऱ्या प्रकारात अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. त्याच्यामुळे दोन पट्ट्यांमधल्या हवेतून किंचित वीज वाहते. धूर शिरला की ती घटते. भडकत्या ज्वाळांचा बारीक धूर याला आधी कळतो. किरणांची धास्ती नको, ते काही सेंटिमीटर हवेतच थांबतात. फक्त डबी फोडू नका. ही युक्ती सापडली तीही चुकून. वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ १९३०च्या दशकात विषारी वायू ओळखणारं यंत्र करत होता. वायूने काटा हलेना, सिगारेटच्या धुराने हलला!

सिलिंडरची गळती मात्र यांतल्या कुणालाच कळत नाही. तो गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्याचा वेगळा डिटेक्टर खालीच लावायचा. आणि अलार्म वाजताच सगळीकडून पाऊस पडतो तो सिनेमात. स्प्रिंकलरची लाल काचनळी साधारण ६८ अंशांना फुटते, तीही जिथे तापेल तिथलीच.

फोडणीच्या जागी उष्णता ओळखणारा डिटेक्टर बरा. काकांना तसं सांगितलं. "पण ही चालू आहे की," म्हणत त्यांनी बटण दाबलं. वाजली. बटणाने भोंगा नि बॅटरी ठीक असल्याचं कळतं, डबीचं वय नाही. तिचं आयुष्य साधारण दहा वर्षं. उतरवून मागचं लेबल पाहिलं: २०११.