रक्ताच्या थेंबात विषाणूशी झालेली लढाई कशी दिसते?

लोणावळ्याजवळच्या आम्हा भुशीकरांसाठी पुणे लोकलच्या अंतरावर एक मोठी संस्था आहे: राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही. 1952 पासून ती विषाणूंच्या मागावर आहे. कोव्हॅक्सिन या कोविड लसीसाठीचा विषाणूही तिनेच वेगळा करून दिला.

🔬 मे 2020 मध्ये एनआयव्हीने 'कोविड कवच' एलायझा चाचणी तयार केली. प्लेटच्या छोट्या खळग्यांत निष्क्रिय विषाणूचा थर असतो. रक्तद्रवात अँटीबॉडीज (विषाणूशी लढणारी प्रथिने) असतील तर त्या विषाणूला चिकटतात आणि शेवटी खळगा पिवळा होतो.

🧫 पण अँटीबॉडीज असणं वेगळं, त्यांनी विषाणूला रोखणं वेगळं! ते तपासायला रक्तद्रव टप्प्याटप्प्याने पातळ करून जिवंत विषाणूत मिसळतात आणि ते मिश्रण पेशींच्या थरावर सोडतात. विषाणूने पेशी मारल्या की थरात ठिपके दिसतात. रक्तद्रव ज्या प्रमाणात पातळ केल्यावर ठिपके निम्म्यावर येतात, ते प्रमाण म्हणजे अँटीबॉडीजच्या ताकदीचं माप.

💉 लसीनंतर काही महिन्यांनी अँटीबॉडीज कमी होतात, हे स्वाभाविक आहे. पण स्मृतिपेशी मागे उरतात आणि विषाणू पुन्हा आला की नव्या अँटीबॉडीज झपाट्याने बनवायला लावतात. म्हणून अँटीबॉडीजच्या नुसत्या आकड्यावरून घाबरू नका, आणि डॉक्टरांनी सांगितलेला डोस चुकवू नका.