अव्होकॅडोची बी रुजेल, झाडही येईल. पण फळ कसलं लागणार?

संकेश्वर : ज्यूस सेंटरवर ‘बटर फ्रूट’ नावानं मिळणारं अव्होकॅडो आता घराघरांतही येऊ लागलंय. कन्नडमध्ये याला ‘बेण्णे हण्णु’, म्हणजे लोण्याचं फळ म्हणतात. गर खाऊन झाला की मोठी गोल बी हातात उरते. ही लावली तर झाड येईल का? येईल, सहज येईल. पण परसातली जागा सात-आठ वर्षांसाठी तिला देण्याआधी थोडी माहिती असलेली बरी.

बी कशी रुजवायची?

फळ पूर्ण पिकलेलं घ्या. बी काढल्यावर धुवून लगेच लावा. ही बी वाळली की मरते, त्यामुळं भाजीच्या बियांसारखी डबीत भरून ठेवता येत नाही. वरचं तपकिरी साल सोललं तर ती लवकर रुजते.

दात कोरायच्या तीन-चार काड्या बाजूंनी टोचून बी पाण्याच्या ग्लासावर बसवा. चपटी बाजू खाली, निमुळती वर. खालचा भाग तेवढा पाण्यात बुडू द्या आणि चार-पाच दिवसांनी पाणी बदला. दोन ते सहा आठवड्यांत बी उकलते. आधी मूळ येतं, मग कोंब. एवढा खटाटोप नको असेल तर बी थेट कुंडीत लावा, फक्त वरचा अर्धा भाग मातीच्या बाहेर ठेवा. माती, शेणखत आणि वाळू सारखी मिसळा. कुंडीला खाली भोकं हवीतच.

कोयीचं झाड आणि कलमाचं झाड

हापूसची कोय लावली म्हणून हापूसच येतो असं नाही, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. अव्होकॅडोचंही तसंच. बियांपासून आलेलं प्रत्येक झाड वेगळं निघतं. फळ चांगलं लागेल, पाणचट लागेल किंवा लागणारच नाही. शिवाय पहिलं फळ दिसायला पाच ते आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. कलमाचं झाड तीन-चार वर्षांत धरतं.

जगभर विकली जाणारी ‘हास’ ही जात मात्र अशाच एका बियाणाच्या रोपातून आली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास या पोस्टमननं १९२६ च्या सुमारास बी लावली. त्या रोपावर दुसऱ्या जातीचं कलम बांधायचा प्रयत्न फसला, म्हणून झाड तसंच राहिलं. फळं उत्तम निघाली आणि १९३५ मध्ये त्यांना त्या जातीचं पेटंट मिळालं. आज जगात हासची जेवढी झाडं आहेत, ती सगळी त्या एका झाडाच्या कलमांची. म्हणजे नशीब उघडतं, पण लाखांत एकाचं.

मग रोप वाया जातं का? नाही. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याचा खुंट म्हणून उपयोग होतो. आंब्याची कलमं बांधणाऱ्या माहीतगाराकडून त्यावर चांगल्या जातीचं पाचर कलम करून घ्या. आपल्या राज्यातच कोडगू जिल्ह्यात चेट्टळ्ळी इथं भारतीय बागायती संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथून ‘अर्का सुप्रीम’ आणि ‘अर्का कुर्ग रवी’ या जाती निघाल्या आहेत.

काळ्या मातीत जपून

हिरण्यकेशी काठची काळी जमीन उसाला चांगली, अव्होकॅडोला नाही. मुळांशी पाणी साचलं की मूळकूज लागते आणि उभं झाड वाळतं. हासचं ते मूळ झाडसुद्धा २००२ मध्ये मूळकुजीनंच गेलं. म्हणून खड्ड्यात लावू नका. दीड-दोन फूट उंच मातीचा ढीग करून त्यावर रोप लावा. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरा, पण खोडाला चिकटू देऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात पहिली दोन वर्षं सावली करा. बोअरचं पाणी खारं असेल तर पानांच्या कडा करपतात, तिथं हे झाड न लावलेलंच बरं.

शेळ्यांपासून लांब

याच्या पानांत आणि सालीत पर्सिन नावाचं विष असतं. शेळ्या, गाई-म्हशी, घोडे, ससे आणि पिंजऱ्यातले पक्षी यांना ते बाधतं. छाटलेला पाला चुकूनही जनावरांपुढं टाकू नका.

फळ झाडावर पिकत नाही. पूर्ण वाढल्यावर तोडून घरात ठेवलं की काही दिवसांत मऊ होतं.

थोडक्यात, हिरवं झाड हवं असेल, मुलांना बी रुजताना दाखवायची असेल तर बी जरूर लावा. फळाची आस असेल तर त्याच रोपावर कलम करा, नाहीतर खात्रीच्या रोपवाटिकेतून कलमच आणा. आणताना ते कुठल्या जातीचं आहे आणि कलमाचा जोड कुठं आहे, हे बघूनच पैसे द्या.