चार कामगार असले तरी शिकाऊ उमेदवार घेता येतो

भोसरी किंवा शिरोलीच्या लहान वर्कशॉपमध्ये नवा मुलगा आजही जुन्या ऑपरेटरशेजारी उभा राहूनच शिकतो: जॉब बांधणे, टूलचा ऑफसेट देणे, मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणे. शिक्षण अस्सल, पण त्याचा कागद हाती नसतो आणि पुढची नोकरी शोधताना तेच आड येते.

१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात यावर सोय आहे. ३० किंवा अधिक कामगार असतील तर मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलते.

लहान मालकांनी ही ऐच्छिक सोय जरूर वापरावी. ‘शिकवलं की पोरगं मोठ्या कंपनीत जातं’ ही तक्रार खरीच. पण अर्धवट शिकलेल्या हातून मोडलेले इन्सर्ट आणि परत आलेला लॉट यांचा भुर्दंडही मालकालाच बसतो. आधीपासून कामावर असलेल्यांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालतात.