बेंझीन हेलकावे खात नाही

बेंझीनचे दोन षटकोन शेजारी शेजारी काढले आणि मध्ये दुतोंडी बाण टाकला, की बहुतेकांचा समज होतो: रेणू क्षणात या रूपात असतो, क्षणात त्या. दोष विद्यार्थ्यांचा नाही. मराठी परिभाषेने या दुतोंडी बाणामागच्या कल्पनेला, रेझोनन्सला, ‘संस्पंदन’ म्हटलं, आणि शब्दातच स्पंदन असल्यावर डोळ्यांपुढे लंबकच येणार. बेंझीनचा षटकोन मांडणाऱ्या खुद्द केकुलेनेही १८७२ मध्ये बेंझीनमधले बंध अशीच जागा बदलत असावेत, असं मांडलं होतं.

आता मोजमाप बघा. कार्बन-कार्बन एकेरी बंध सुमारे १५४ पिकोमीटर लांब, दुहेरी १३४. बेंझीनचे सहाही बंध सारखेच, १३९च्या आसपास. ‘ही अदलाबदलीची सरासरी असेल,’ असं एखादा हुशार विद्यार्थी म्हणतोच. त्याला उष्णतेचा हिशेब दाखवावा. एकच दुहेरी बंध असलेल्या सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन जोडला की मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता निघते. तीन दुहेरी बंधांचे ३६० व्हायला हवेत. बेंझीन २०८ वरच थांबतं. रेणू आलटून पालटून दोन षटकोनांत वावरत असता, तर कुठल्याही क्षणी तो त्यांपैकी एक असता आणि ३६०च्या आसपास उष्णता देता. दीडशे किलोज्यूलची ही तूट सांगते, की दोन्ही षटकोन फक्त कागदावर आहेत. खरा रेणू एकच, आणि त्या दोघांहून स्थिर.

म्हणूनच दुतोंडी बाणाच्या जागी समतोलाचे दोन उलटे बाण काढणं ही किरकोळ चूक नाही, अर्थच बदलतो. हायड्रोजन एका अणूवरून उचलून दुसऱ्यावर ठेवला तर तेही रेझोनन्स नव्हे. अशा बदलाने एकमेकांत रूपांतरित होणारी कीटो आणि ईनॉल ही खरोखरच दोन वेगळी संयुगं आहेत. रेझोनन्समध्ये अणू जागचे हलत नाहीत. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना सरकवायचे ते π (पाय) इलेक्ट्रॉन आणि एकाकी जोड्या, तेही कागदावरच. हे सरकवणं दाखवणारा वक्र बाण इलेक्ट्रॉनांपासून निघतो, धन प्रभारापासून कधीच नाही. आणि नायट्रोजनला पाच बंध दिलेत, तर चित्र तिथेच खोडा.

सगळ्या चित्रांचा वाटा सारखा असतो, हाही समज चुकीचा. ॲसिटेटमध्ये दोन्ही ऑक्सिजन बरोबरीचे, पण ईनोलेटमध्ये ऋण प्रभाराचा मोठा वाटा ऑक्सिजनकडे, थोडा कार्बनकडे. मग कार्बनवर प्रभार दाखवणारं चित्र काढायचंच कशाला? कारण मिथिल आयोडाइडशी अभिक्रिया होताना नवा बंध बहुधा त्या कार्बनपाशीच जुळतो.